गॅरेजच्या जागेवर कौन्सिलची घरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन तऱ्हेच्या माणसांकडून येतात. घरामागच्या खांबावर प्लॅनिंगची, म्हणजे बांधकाम परवानगीची, नोटीस पाहून काळजीत पडलेले रहिवासी, कौन्सिलच्या यादीत नाव लावू पाहणारी कुटुंबं, आणि महाराष्ट्रात स्थापत्य किंवा नगररचना शिकणारी मुलंमुली. उत्तरं इंग्लंडपुरती आहेत. कौन्सिल म्हणजे तिथली महापालिकेसारखी स्थानिक संस्था. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे घरांविषयीचे कायदे वेगळे आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कौन्सिलचं घर म्हणजे म्हाडाचं घर असतं तसंच ना?

नाही. म्हाडाच्या सोडतीत नाव लागलं की पैसे भरून घर तुमच्या मालकीचं होतं. कौन्सिलचं घर भाड्याचं असतं आणि मालकी कौन्सिलकडेच राहते. पहिलं वर्ष बहुधा परीक्षेचं असतं. ते नीट पार पडलं की 'सिक्युअर टेनन्सी' मिळते, म्हणजे ठोस कायदेशीर कारण आणि कोर्टाचा आदेश असल्याशिवाय तुम्हाला घराबाहेर काढता येत नाही. खासगी भाडेकरूला वर्षावर्षाला जी धास्ती असायची, ती इथे नसते.

ही परंपरा जुनी आहे. लिव्हरपूलच्या कौन्सिलनं १८६९ मध्ये सेंट मार्टिन्स कॉटेजेस बांधली. लंडनमध्ये शोर्डिचची गलिच्छ वस्ती हटवून उभी राहिलेली बाउंड्री इस्टेट १९०० मध्ये खुली झाली. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या ॲडिसन कायद्यानं देशभरातल्या कौन्सिलांना घरं बांधायला सरकारी पैसा मिळू लागला. मग १९८० मध्ये भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क, म्हणजे 'राइट टू बाय', आला. त्यात इंग्लंडमधली सुमारे २० लाख घरं विकली गेली आणि त्या प्रमाणात नवी बांधली गेली नाहीत. मार्च २०२४ मध्ये कौन्सिलांच्या यादीवर १३ लाखांहून अधिक कुटुंबं होती. मार्च २०२५ अखेर १ लाख ३१ हजारांहून अधिक कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात राहत होती, त्यातली कित्येक लहान मुलांसह हॉटेलच्या एका खोलीत. पुढची सगळी उत्तरं ही परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

२. नोटिशीत 'अफोर्डेबल' असं लिहिलंय. म्हणजे स्वस्तच ना?

त्या शब्दावर विसंबू नका, भाड्याचा प्रकार विचारा. 'सोशल रेंट' एका सूत्रानं ठरतं. त्या भागातल्या श्रमिकांची कमाई, घराची जानेवारी १९९९ मधली किंमत आणि बेडरूमची संख्या त्यात धरली जाते. महागड्या शहरांत हे भाडं बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतं. 'अफोर्डेबल रेंट' हा २०११ मध्ये आलेला वेगळा प्रकार आहे, तो बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. लंडनमध्ये बाजारभावाचे ८० टक्के एखाद्या केअर वर्करला किंवा बसचालकाला परवडत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. जमीन आधीच लोकांच्या मालकीची असेल, तर तिच्यावरची घरं सोशल रेंटचीच हवीत. जमिनीचा खर्च वाचला तरी भाडं उतरणार नसेल, तर ती जमीन वापरून काय साधलं?

३. कौन्सिलकडे पडून असलेली जागा म्हणजे नेमकी कुठली?

सगळ्यात जास्त सापडतात ती गॅरेजं. १९५० ते १९७० च्या दशकांत वसाहती बांधताना ब्लॉकच्या मागे गॅरेजांच्या रांगा उभारल्या गेल्या. ती जेमतेम अडीच मीटर रुंद आहेत. आजची गाडी कशीबशी आत गेली तरी दार उघडून उतरता येत नाही. त्यामुळे बरीच रिकामी आहेत आणि उरलेल्यांत जुने सोफे, सायकली, रंगाचे डबे भरलेले असतात. गॅरेजांखेरीज अर्धे रिकामे वाहनतळ, बंद पडलेली क्लबघरं, जुने डेपो आणि कपडे वाळत घालायची जुनी अंगणंही या यादीत येतात. बांधकामाला योग्य अशा वापरून सोडलेल्या जमिनींची नोंदवही ठेवणं २०१७ पासून कौन्सिलांना बंधनकारक आहे. ती नोंदवही कुणालाही पाहता येते. मात्र गॅरेजांचे अगदी छोटे तुकडे तिच्यात बहुधा सापडत नाहीत. त्यांची माहिती वसाहतीच्या कार्यालयात मिळते.

अशी जागा रिकामी दिसते, पण तिच्यात गुंते असतात. जुन्या गॅरेजांचे पत्रे बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असतात, ते काढण्याचे नियम कडक आहेत. जमिनीत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. खालून सार्वजनिक मलवाहिनी जात असेल, तर तिच्यापासून तीन मीटरच्या आत बांधायला पाणी कंपनीची संमती लागते. शेजारच्या बागांची मागची दारं त्याच गल्लीत उघडत असतील, तर लोकांचा जाण्यायेण्याचा हक्क तयार झालेला असू शकतो. छोट्या जागांचे प्रकल्प रेंगाळतात ते भिंती उभारण्यात नाही, या गोष्टी निस्तरण्यात.

४. गॅरेजं पाडली तर आमच्या गाड्या कुठे लावायच्या?

सर्वाधिक विचारला जाणारा आणि पूर्णपणे रास्त प्रश्न. कौन्सिलनं अर्जासोबत पार्किंगची पाहणी जोडायला हवी. लंडनमध्ये आणि बाहेरही पुष्कळ ठिकाणी 'लॅम्बेथ पद्धत' वापरतात. आठवड्यातल्या दोन वेगवेगळ्या रात्री, साडेबारा ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान, जागेपासून २०० मीटर चालत जाण्याच्या अंतरात किती गाड्या उभ्या आहेत आणि किती जागा रिकाम्या आहेत ते मोजतात. तो अहवाल प्लॅनिंगच्या संकेतस्थळावर असतो. त्यातल्या रात्री शाळेच्या सुटीत पडल्या असतील किंवा नकाशात घरांच्या दारासमोरची जागाही पार्किंग म्हणून मोजली असेल, तर तसं लिहून कळवा. अशा नेमक्या हरकतीला वजन असतं.

सध्या किती गॅरेजं भाड्यानं दिलेली आहेत आणि त्यातल्या कितींत खरोखर गाडी उभी असते, हेही विचारा. अपंग रहिवाशांच्या राखीव जागा कुठे हलवणार, ते लेखी घ्या. काही प्रकल्पांत वाहनतळ तसाच ठेवून वर घरं बांधली आहेत (प्रश्न ९).

५. 'आधुनिक बांधकाम पद्धती' म्हणजे काय? सगळं घर कारखान्यात बनतं का?

कधी सगळं, कधी थोडंच. सरकारनं २०१९ मध्ये यांचे सात प्रकार ठरवले. पहिल्या प्रकारात खोलीएवढे किंवा अर्ध्या घराएवढे पूर्ण खोके कारखान्यात तयार होतात. त्यांत वायरिंग, नळ, खिडक्या, कधी स्वयंपाकघराची कपाटंसुद्धा बसवलेली असतात. जागेवर क्रेननं ते एकमेकांवर ठेवायचे आणि जोडायचे. यालाच लोक मॉड्यूलर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात लाकडाच्या किंवा हलक्या पोलादाच्या सपाट भिंती आणि तक्तपोशी येतात आणि उभारणी जागेवर होते. बाकीच्या प्रकारांत सुटे सांगाडे, थ्रीडी छपाई, आयते बाथरूम, आणि जागेवरचे श्रम कमी करणारी साधनं व कामाच्या रीती मोडतात.

कौन्सिलच्या पत्रकात नुसतं 'आधुनिक पद्धती' असं लिहिलं असेल, तर कुठला प्रकार ते विचाराच. आयतं बाथरूम बसवलेलं विटांचं घरही त्या नावाखाली येऊ शकतं.

६. गल्लीबोळातल्या जागेवर कारखान्यातलं घर कसं काय सोयीचं?

वेळेमुळे, आणि शेजाऱ्यांमुळे. नेहमीच्या बांधकामात पाया झाल्यावर भिंती चढतात. इथे जागेवर पाया खणला जात असतानाच कारखान्यात घरं तयार होत असतात. मॉड्यूल आले की बसवायला दिवस किंवा आठवडे लागतात, महिने नाहीत. नंतर जोडकाम, छत, गटारं, वीज आणि बाहेरची फरसबंदी यांना वेळ जातोच, तरीही वर्षभर दाराशी ट्रक, धूळ आणि ड्रिलचा आवाज सहन करण्यापेक्षा हे शेजाऱ्यांना पुष्कळ सुसह्य असतं. चारही बाजूंनी लोकांच्या बागा असतील, तर हा मुद्दा लहान नाही.

पण मॉड्यूल तिथवर पोचला पाहिजे. रस्त्यावर २.९ मीटरहून रुंद माल न्यायचा तर पोलिसांना आधी दोन पूर्ण दिवसांची सूचना द्यावी लागते. गल्लीचं वळण, उभ्या गाड्या, झाडाची फांदी, ओव्हरहेड तारा आणि क्रेन उभी करायला पक्की जमीन या सगळ्याचा आराखडा रेखाटनं काढायच्या आधी व्हायला हवा. ट्रक वळतच नसेल तर तिथे मॉड्यूलचा हट्ट धरू नये. सपाट पॅनेल आणावेत, ते लहान गाडीतून जातात.

७. मग ही घरं स्वस्त पडतात का?

एका घराचा बांधकाम खर्च पाहिला, तर बहुतेक वेळा नाही. सहा-आठ घरांसाठी वेगळं डिझाइन केलं, तर कारखान्याचा फायदा उरतच नाही. बचत होते ती वेळेत. घर लवकर तयार झालं की भाडं लवकर सुरू होतं आणि एक कुटुंब हॉटेलमधून लवकर बाहेर पडतं. इंग्लंडच्या कौन्सिलांनी २०२३–२४ मध्ये तात्पुरत्या निवाऱ्यावर सुमारे २३० कोटी पौंड खर्च केले. हा पैसा दरवर्षी जातो आणि त्यातून एकही खोली उभी राहत नाही. मॉड्यूलर महाग की स्वस्त हा हिशोब मांडताना हा आकडा बाजूला ठेवणारी तुलना मला अपुरी वाटते.

खरी काटकसर एकाच नमुन्याची घरं पुष्कळ जागांवर बांधली तर होते. एका कौन्सिलकडे पंधरा छोट्या जागा असतील, तर पंधरा वेगळ्या निविदा काढण्याऐवजी जिने, बाथरूम, खिडक्यांचं माप सगळीकडे एकच ठेवून एक मोठी मागणी द्यावी. शेजारच्या कौन्सिलांनी एकत्र यावं. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात प्रत्येक कौन्सिलचे नियम, समित्या आणि निवडणुका आडव्या येतात.

८. प्रीफॅब घरं तकलादू असतात असं ऐकलंय. पूर्वी एक इमारत कोसळली होती ना?

हो, कोसळली होती, आणि ती घटना विसरता कामा नये. पूर्व लंडनमधल्या न्यूहॅम इथली रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत आयत्या काँक्रीट पॅनेलची होती. १६ मे १९६८ च्या सकाळी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. कोपऱ्याची भिंत बाहेर फेकली गेली, आधार गेल्यावर वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या भारानं खालचेही गेले. चार माणसं मेली. लोक राहायला येऊन काही महिनेसुद्धा झाले नव्हते. पॅनेल एकमेकांना पुरेसे बांधलेलेच नव्हते. १९८६ मध्ये ती इमारत सुटी करून उतरवली तेव्हा सांध्यांतलं काम किती निकृष्ट होतं ते उघड झालं. स्फोटानंतर १९७० मध्ये नियम बदलले. एक भाग निकामी झाला तरी सगळी इमारत ढासळता कामा नये, ही अट तेव्हापासून आहे.

याच्या उलटं उदाहरणही लंडनमध्येच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर देशात दीड लाखाहून अधिक तात्पुरती प्रीफॅब घरं उभारली गेली. त्यांचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरलं होतं. कॅटफर्डच्या एक्सकॅलिबर इस्टेटमधली १८६ घरं १९४५–४६ मध्ये जर्मन आणि इटालियन युद्धकैद्यांनी उभारली. तिथले काही रहिवासी साठ वर्षांनंतरही हलायला तयार नव्हते. स्वतंत्र घर, आतच न्हाणीघर आणि पुढेमागे बाग, हे त्या पिढीतल्या कामगार कुटुंबांना पूर्वी कुठे मिळालं होतं!

म्हणजे प्रश्न कारखान्याचा नाही, सांध्यांचा आणि देखरेखीचा आहे. आज विमा आणि कर्ज देणाऱ्या संस्था स्वतंत्र तपासणी मागतात. 'बोपास' या योजनेत किमान साठ वर्षांच्या टिकाऊपणाची छाननी होते. तुमच्या भागातल्या प्रकल्पाला असं प्रमाणपत्र आहे का, हे सभेत जरूर विचारा.

९. प्रत्यक्षात कुणी करून दाखवलंय का?

ब्रिस्टलचं होप राइज मला सगळ्यात पटतं. सेंट जॉर्ज भागात चॉक्स रोडवर कौन्सिलचा वाहनतळ आहे. त्याच्यावर खांबांवर उचलून ११ मॉड्यूलर घरं बसवली, खाली गाड्या तशाच उभ्या राहतात. झेडपॉड्स कंपनी, ब्रिस्टल सिटी कौन्सिल, वायएमसीए आणि ब्रिस्टल हाउसिंग फेस्टिव्हल यांनी मिळून हे काम केलं. बेघर होण्याचा धोका असलेल्या तरुणांना तिथे घरं मिळाली आणि त्यांच्यासोबत शेजारधर्म म्हणून मदत करायला तयार असलेले काही रहिवासी मुद्दाम ठेवले. अकरा घरं म्हणजे आकड्यानं काहीच नाही, पण जमिनीचा एकही नवा तुकडा न घेता ती उभी राहिली. छतावर सौर पॅनेल आणि भिंतींना जाड उष्णतारोधक थर असल्यामुळे वीजबिल कमी येतं, हेही भाड्याइतकंच महत्त्वाचं.

दुसरं उदाहरण लंडनच्या लुइशम कौन्सिलचं, प्लेस लेडीवेल. जुनं जलतरण केंद्र पाडल्यावर जागेचं पुढे काय करायचं हे ठरेपर्यंत ती ओसाड ठेवण्याऐवजी २०१६ मध्ये तिथे बेघर कुटुंबांसाठी २४ मॉड्यूलर घरं उभारली आणि तळमजल्यावर दुकानं व कार्यशाळा दिल्या. रेखाटन रॉजर्स स्टर्क हार्बर या नामवंत संस्थेचं. चार वर्षांनी सुटी करून दुसरीकडे न्यायची, अशी मूळ कल्पना होती. त्याचं काय झालं ते पुढच्या उत्तरात.

१०. अशी घरं खरंच उचलून दुसरीकडे नेता येतात?

तांत्रिकदृष्ट्या येतात, तसं आधीपासून डिझाइन असेल तर. व्यवहारात मात्र हलवण्याचा खर्च, नवा पाया, नवी प्लॅनिंग परवानगी आणि मधल्या काळात राहणाऱ्यांची सोय हे सगळं पुन्हा करावं लागतं. लेडीवेलची घरं ठरलेल्या चार वर्षांहून कितीतरी अधिक काळ जागच्या जागी राहिली. 'तात्पुरती आहेत' या सबबीखाली खोल्या लहान आणि सोयी कमी करायला म्हणूनच माझा विरोध आहे. लेडीवेलची घरं उलट लंडनच्या मापाहून सुमारे १० टक्के मोठी ठेवली होती, तेच योग्य.

११. आगीचं काय? ग्रेनफेलनंतर भीती वाटते.

१४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली. ती इमारत मॉड्यूलर नव्हती, जुन्या काँक्रीट इमारतीवर नंतर चढवलेलं ज्वलनशील आवरण पेटलं. तरी तुमची भीती अस्थानी नाही. १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्य वापरायला २०१८ अखेर बंदी आली. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यानं १८ मीटर किंवा सात मजल्यांच्या इमारतींना वेगळी, कडक परवानगी लागते. गॅरेजांच्या जागेवरची घरं बहुतेक दोन-तीन मजल्यांची असतात, त्यामुळे ती या मर्यादांच्या खाली राहतात. म्हणूनच इथे स्वतः प्रश्न विचारणं अधिक गरजेचं.

मॉड्यूलरमधली खास जोखीम दोन खोक्यांमधल्या फटीत आहे. एक मॉड्यूल दुसऱ्याशेजारी बसला की मधली पोकळी झाकली जाते. तिच्यात आग अडवणारे पट्टे नीट बसले नसतील, तर धूर आणि ज्वाळा कुणाला न दिसता वर चढतात. भिंत बंद होण्याआधी प्रत्येक सांध्याचे फोटो काढून नोंद ठेवली पाहिजे आणि तपासणारा माणूस कंपनीचा नसून कौन्सिलचा हवा.

१२. घर आतून लहान आणि उन्हाळ्यात भट्टी होणारं असतं का?

लहान असायचं कारण नाही. २०१५ च्या राष्ट्रीय मापानुसार दोघांसाठी एक बेडरूमच्या फ्लॅटला किमान ५० चौरस मीटर, चौघांसाठी दोन बेडरूमच्या फ्लॅटला ७० चौरस मीटर जागा हवी. मात्र हे माप स्थानिक आराखड्यात स्वीकारलेलं असेल तरच प्लॅनिंगमध्ये बंधनकारक ठरतं, ते तपासा. उन्हाळ्याची तक्रार खरी आहे. हलक्या भिंती पटकन तापतात. २०२२ पासून नव्या घरांना उन्हाळ्यातल्या तापमानाचा वेगळा नियम लागू आहे. दोन समोरासमोरच्या बाजूंना खिडक्या आणि बाहेरून सावली असेल, तर फार फरक पडतो.

ओल आणि बुरशीबाबत ऑक्टोबर २०२५ पासून 'अवाब्ज लॉ' लागू झाला आहे. जीवाला धोका असलेली तक्रार आली तर कौन्सिलला २४ तासांत हालचाल करावी लागते. घर नवं आहे, कारखान्यातलं आहे, हे कारण चालत नाही.

१३. कंपन्याच बुडाल्या ना? मग कौन्सिलांनी यात पडावंच कशाला?

२०२३ च्या मे महिन्यात लीगल अँड जनरलनं आपल्या मॉड्यूलर कारखान्यातलं नवं उत्पादन थांबवलं. जूनअखेर इल्के होम्स दिवाळखोरीत गेली आणि हजाराहून अधिक कामगारांची नोकरी गेली. टॉपहॅटनंही २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. हा या क्षेत्राला बसलेला मोठा धक्का होता.

कारण समजून घ्या. कारखान्याचा खर्च रोजचा असतो, मागणी मात्र प्लॅनिंगमुळे अडकत अडकत येते. एक जागा सहा महिने लांबली की तिकडे यंत्रं आणि माणसं बसून राहतात. विटांचा कंत्राटदार अशा वेळी गवंडी दुसरीकडे पाठवतो. कारखान्याला ती सोय नाही. लोकांना ही घरं नकोत म्हणून कंपन्या बुडाल्या असं नाही, कामाचा ओघ अखंड राहिला नाही म्हणून बुडाल्या. आणि अखंड काम देण्याची ताकद सरकार आणि कौन्सिलांकडेच आहे.

कौन्सिलनं स्वतःला जपायचं कसं, तर तीन गोष्टींनी. कारखान्यात तयार होत असलेल्या मॉड्यूलचे पैसे देताना त्यांची मालकी कागदोपत्री आपल्याकडे घ्यावी, म्हणजे कंपनी बुडाली तरी ते तिच्या घेणेकऱ्यांच्या ताब्यात जात नाहीत. रेखाटनं एकाच कंपनीच्या खास मापांत अडकवू नयेत, दुसऱ्या कारखान्याला किंवा साध्या लाकडी सांगाड्यालाही ती वापरता यावीत. आणि वीस वर्षांनी खिडकी किंवा पाइप बदलायचा झाल्यास लागणारी सगळी माहिती ताबा घेतानाच मिळवावी.

१४. पैसा कुठून येतो? आमचा कौन्सिल टॅक्स वाढणार का?

यासाठी नाही. कौन्सिलच्या घरांचा हिशोब वेगळ्या खात्यात असतो. त्यात भाडं जमा होतं आणि कौन्सिल टॅक्सचा, म्हणजे घरपट्टीसारख्या कराचा, पैसा तिकडे वळवता येत नाही. नवी घरं सरकारी अनुदान, विकलेल्या घरांची रक्कम आणि कर्ज यांतून होतात. या खात्यावरची कर्जाची मर्यादा ऑक्टोबर २०१८ मध्ये उठली, तेव्हापासून पुष्कळ कौन्सिलांनी पुन्हा बांधकाम हाती घेतलं. २०२५ मध्ये सरकारनं दहा वर्षांसाठी ३,९०० कोटी पौंडांचा कार्यक्रम जाहीर केला, त्यातली किमान ६० टक्के घरं सोशल रेंटची असावीत असं उद्दिष्ट आहे.

१५. आम्ही शेजारी आहोत. कुठल्या हरकती ऐकल्या जातात?

उजेड अडणं, खिडकीतून खासगीपण जाणं, पार्किंग, रस्त्याची सुरक्षा, झाडं, पूर. या मुद्द्यांवर लिहा, शक्य तर मापांसह. हरकतीसाठी साधारण २१ दिवस मिळतात. 'आमच्या घराची किंमत उतरेल', 'समोरचा देखावा जाईल' किंवा 'कसले लोक राहायला येतील' हे प्लॅनिंगचे मुद्दे नाहीत. तिसरं वाक्य तर कृपया लिहूच नका. आपल्यातल्या पुष्कळांनी भाड्याचं घर शोधताना तेच वाक्य दाराआडून ऐकलेलं आहे.

एक बारकावा. एखाद्या खिडकीतून वीस वर्षं अखंड उजेड येत असेल, तर त्या उजेडावर तुमचा खासगी कायदेशीर हक्क तयार होऊ शकतो. प्लॅनिंग परवानगी मिळाली म्हणून तो संपत नाही. मात्र २०१६ च्या एका कायद्यानं, जमीन योग्य प्रक्रियेनं नियोजनासाठी वळवली असेल, तर कौन्सिलला हा हक्क बाजूला सारून बांधता येतं. तेव्हा तुम्हाला बांधकाम थांबवता येत नाही, भरपाई मागता येते.

१६. आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत. अर्ज करू का?

करू नका. तुमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही, ही अट असते आणि कौन्सिलचं घर त्यात मोडतं. अर्ज केल्यानं पुढच्या इमिग्रेशन अर्जाला बाधा येऊ शकते. कायम वास्तव्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, मिळाल्यावर पात्रता येते. ब्रिटिश नागरिकांनाही इथे खरोखर वास्तव्य असल्याचं दाखवावं लागतं. त्याशिवाय बऱ्याच कौन्सिला त्या भागात काही वर्षं राहिल्याची अट घालतात.

पती-पत्नींपैकी एकच पात्र असेल, तर करार त्या एकाच्याच नावावर होतो. अपात्र व्यक्तीला संयुक्त करारात घेता येत नाही. अशा वेळी आधी मोफत कायदेशीर सल्ला घ्या.

स्विंडन आणि साउथॉलहून गोव्याच्या कुटुंबांचेही प्रश्न येतात. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्यांना ईयू सेटलमेंट योजनेत 'सेटल्ड स्टेटस' मिळालं असेल, तर ते पात्र आहेत. 'प्री-सेटल्ड', म्हणजे अजून कायम न झालेलं, असेल तर तेवढ्यानं भागत नाही. नोकरीत असल्याचा किंवा तशा दुसऱ्या हक्काचा पुरावा लागतो.

१७. आमच्याच वसाहतीत घरं होतायत, तर आम्हाला आधी मिळणार का?

कधीकधी. काही कौन्सिला 'लोकल लेटिंग्ज प्लॅन' करतात आणि नव्या घरांतला काही वाटा त्याच वसाहतीतल्या गरजू भाडेकरूंना आधी देतात. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते. मुलं बाहेर पडल्यावर तीन बेडरूमच्या घरात एकट्या उरलेल्या आजींना पलीकडच्याच गल्लीत तळमजल्यावर नवा फ्लॅट मिळाला, तर त्यांची ओळखीची माणसं सुटत नाहीत आणि मोठं घर दाटीनं राहणाऱ्या कुटुंबाला मिळतं. असा प्लॅन आहे का, हे परवानगीच्या टप्प्यावरच विचारा. नंतर उशीर होतो.

१८. घर मिळालं तर पुढे ते विकत घेता येईल?

सध्या तीन वर्षांच्या भाडेकरारानंतर राइट टू बायचा अर्ज करता येतो. सवलत २१ नोव्हेंबर २०२४ पासून मोठ्या प्रमाणात घटली. आता कमाल सवलत प्रदेशानुसार १६,००० ते ३८,००० पौंडांच्या दरम्यान आहे. नव्या घराला आणखी एक अट लागू होते. बांधल्यापासून ठरावीक वर्षं, कौन्सिलनं त्यावर केलेल्या खर्चाच्या खाली किंमत आणणारी सवलत देता येत नाही. त्यामुळे नव्या घरावर सवलत बहुधा शून्याच्या जवळ येते. नवी घरं ३५ वर्षं या हक्कातून वगळण्याचा निर्णय सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केला, त्यासाठी कायदा व्हावा लागतो. मला तो निर्णय योग्य वाटतो.

१९. महाराष्ट्रात असं काही चालू आहे का?

सर्वांत जवळचं उदाहरण सिडकोचं. नवी मुंबईत रेल्वे स्थानकांची प्रांगणं, बस टर्मिनस आणि ट्रक टर्मिनसच्या जागांवर सिडकोनं मोठा गृहप्रकल्प आखला. बामणडोंगरीला आयत्या काँक्रीट भागांपासून ९६ दिवसांत ९६ घरं उभारून दाखवली. जमिनीचा विचार तोच, सार्वजनिक जागेचा पुरेपूर वापर. फरक दोन आहेत. तिकडे काँक्रीट, इकडे मुख्यतः लाकूड आणि हलकं पोलाद. आणि तिकडे घरं विकली जातात, तर कौन्सिल ती भाड्यानं देते. अभ्यास करणाऱ्यांनी तंत्रापेक्षा या दुसऱ्या फरकावर अधिक वेळ द्यावा असं मी सुचवेन, कारण विकलेल्या घराची जमीन पुढच्या पिढीतल्या गरजूला पुन्हा देता येत नाही.

२०. रांगेतलं एक गॅरेज माझ्या मालकीचं आहे. कौन्सिल ते पाडू शकते का?

आधी कागद पाहा. महिन्याला भाडं भरत असाल, तर ते मालकीचं नाही. करारात ठरलेल्या मुदतीची नोटीस देऊन कौन्सिल ते परत घेऊ शकते. फ्लॅटच्या दीर्घ मुदतीच्या लीजमध्ये गॅरेजचा उल्लेख असेल किंवा ते स्वतंत्रपणे विकत घेतलेलं असेल, तर तुमच्या संमतीशिवाय हात लावता येत नाही. कौन्सिल आधी वाटाघाटी करते. त्या फसल्या तर सक्तीच्या खरेदीचा आदेश मागू शकते, पण त्याला सरकारची मंजुरी लागते, तुम्हाला हरकत घेता येते आणि बाजारभावासह भरपाई मिळते. छोट्या प्रकल्पासाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा कौन्सिल बहुतेक वेळा तेवढं गॅरेज सोडून नकाशा बदलते किंवा जवळच दुसरं गॅरेज देऊ करते. लँड रजिस्ट्रीतून आपल्या मालकीचा उतारा थोड्या शुल्कात मिळतो. पहिल्या बैठकीला जाताना तो सोबत न्या, आणि तोंडी दिलेल्या कुठल्याही आश्वासनावर विसंबून सही करू नका.